मोबदल्याचा हिशेब निवाड्याआधी शेतकऱ्याच्या हातात द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूर जिल्ह्यातील भूसंपादनाबद्दल आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून बातम्या येतात. मोजणी रोखली, मोर्चा निघाला, प्रांत कार्यालयात निवेदन दिले, एवढे त्यांतून कळते; परंतु ज्या शेतकऱ्याने कधी तहसीलदारापुढे आवाज चढवला नाही, तो मोजणीच्या यंत्रापुढे आडवा का होतो, हे बातमीच्या चार ओळींत मावत नाही. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. मी अक्कलकोट तालुक्यातील खातेदार असून सुरत–चेन्नई द्रुतगती मार्गाच्या आखणीत आमच्या सामाईक गटातील काही जमीन आली आहे. रस्ता होऊ नये असे माझे म्हणणे नाही. माझी मागणी एकच आहे. जमिनीचा दर कोणत्या कागदांवरून आणि कोणत्या रीतीने काढला, तो हिशेब निवाड्यावर, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या अधिकृत आदेशावर, सही होण्याआधी जमीनमालकाला लेखी मिळाला पाहिजे आणि त्यावरचे त्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले पाहिजे.

हा महामार्ग आपल्या जिल्ह्यात बार्शी, उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट या तालुक्यांतून कर्नाटकाकडे जातो. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्गासाठीही जमिनी घेतल्या गेल्या आहेत आणि वर्धा जिल्ह्यातील पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत आखलेल्या शक्तिपीठ महामार्गाच्या यादीतही सोलापूरचे नाव आहे. प्रत्येक प्रकल्पाचा कायदा थोडा वेगळा आणि कार्यालयही वेगळे असते, पण शेतकऱ्याचा पहिला प्रश्न सगळीकडे तोच असतो: एकरी काय धरले, आणि ते कशावरून?

कायद्यात याचे उत्तर स्पष्ट आहे. इंग्रजांच्या काळातील १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा आला आणि तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. राष्ट्रीय महामार्गांसाठी जमीन आजही १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने घेतली जाते, तरी मोबदला मोजण्याच्या २०१३ च्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून महामार्गांनाही लागू आहेत. त्या कायद्याचे कलम २६ असे सांगते की, मुद्रांक शुल्कासाठी ठरलेला दर, म्हणजे आपण ज्याला रेडीरेकनर म्हणतो तो, आणि जवळपासच्या तशाच जमिनींच्या मागील तीन वर्षांतील खरेदीखतांची सरासरी, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती धरावी. सरासरी काढताना सगळी खरेदीखते घ्यायची नाहीत. ज्यांत किंमत जास्त नोंदली आहे अशी निम्मी खतेच घ्यायची. ग्रामीण भागात कागदावरची किंमत खऱ्या किमतीपेक्षा कमी असते, याची जाणीव ठेवूनच कायदा करणाऱ्यांनी ही तरतूद केली असावी, आणि ती शेतकऱ्याच्या बाजूची आहे.

अडचण अंमलबजावणीत आहे. आपल्याकडे अनेक व्यवहारांत खरेदीखतावर रेडीरेकनरच्या आसपासचा आकडा लिहिला जातो आणि उरलेले पैसे रोखीने दिले-घेतले जातात, हे गावातील प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याशिवाय एखाद्या गावात तीन वर्षांत जे मोजके व्यवहार होतात, त्यांतले काही भावाभावांतले हक्कसोड असतात, काही कर्जापायी घाईने केलेल्या विक्रीचे असतात आणि एखादा रस्त्याकडेच्या जमिनीचा, चांगल्या किमतीचा असतो. यांतील कोणते खत घ्यायचे आणि कोणते ‘प्रचलित बाजारभाव दाखवत नाही’ म्हणून वगळायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्याच कलमाने अधिकाऱ्याला दिला आहे. तो असावा, हे मला मान्य आहे. पण रस्त्याकडेचे ते एक खत वगळले की सरासरी घसरते, आणि ते वगळले गेले हे शेतकऱ्याला कळायला मार्ग नसतो. त्याच्या हातात येतो तो फक्त शेवटचा आकडा.

हा आकडा थोडा चुकला तर नुकसान किती होते, हे हिशेब मांडल्याशिवाय ध्यानात येत नाही. हिशेबापुरता हेक्टरी दर १० लाख रुपये धरू. ग्रामीण भागासाठी गुणांक, म्हणजे मूळ दराला ज्या आकड्याने गुणायचे तो, २ असेल तर किंमत २० लाख होते आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, जिला कचेरीत सगळे सोलेशियम म्हणतात, ती मिळून ४० लाख होतात. शेतकरी ‘चौपट मोबदला’ म्हणतो तो हाच. मूळ दरात एका लाखाची घट आली तर हातातून चार लाख जातात. विहीर, झाडे, गोठा यांच्या किमतीला गुणांक लागत नाही, पण दिलासा रक्कम लागते. म्हणून पंचनाम्यातून शंभर रुपयांची वस्तू सुटली तर दोनशे रुपये सुटतात.

त्यात २०२१ मध्ये राज्य सरकारने राष्ट्रीय महामार्गांच्या भूसंपादनापुरता हा गुणांक २ वरून १ वर आणला. भूसंपादनाचा खर्च आवाक्याबाहेर जातो, अशी त्यामागची भूमिका होती. वरच्याच उदाहरणात ४० लाखांचे २० लाख झाले. गुणांक १ ते २ च्या दरम्यान ठेवण्याची मुभा कायद्याने राज्याला दिली आहे, त्यामुळे अधिकाराचा प्रश्न मी काढत नाही. परंतु तो गुणांक शहरापासूनच्या अंतरावर ठरावा, अशी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीची रचना आहे. जमीन कोणत्या खात्याच्या रस्त्यासाठी जाते यावर तो बदलावा, हे न्यायाचे नाही. समृद्धी महामार्गासाठी राज्याने थेट खरेदीने जमिनी घेतल्या तेव्हा चौपटीवर आणखी २५ टक्के, म्हणजे पाचपट दर दिला. राज्य तेच, काळी माती तीच, आणि सोलापूरच्या शेतकऱ्याला त्याच्या निम्म्याहून कमी, याचे समर्थन कसे करायचे? २०२१ च्या त्या निर्णयानंतर कमी गुणांकाने ज्यांचे निवाडे झाले त्यांना फरकाची रक्कम मिळावी, ही मागणी आमच्या भागात वारंवार झाली आहे आणि मी तिच्याशी पूर्ण सहमत आहे.

आता संयुक्त मोजणीबद्दल. मोबदल्याचे निम्मे भवितव्य त्या एका दुपारी ठरते, आणि शेतकऱ्याला त्याचे गांभीर्य बहुधा नंतर कळते. भूमी अभिलेख कार्यालयाचा भूकरमापक, तलाठी, कृषी सहायक आणि प्रकल्पाचा प्रतिनिधी असे सगळे बांधावर येतात. रोव्हर नावाचे मोजणीचे यंत्र लावून हद्दी घेतल्या जातात, खुणेचे दगड पुरले जातात, झाडे मोजली जातात आणि तक्ता भरला जातो. आमच्या गटात विहीर वरच्या अंगाला आहे. तिथून जमिनीखालून पाइपलाइन खालच्या तुकड्यात जाते आणि वर दिसतो तो फक्त एक व्हॉल्व्ह. रस्त्याची पट्टी नेमकी या दोहोंच्या मधून गेली. विहीर संपादनाच्या बाहेर, खालचा तुकडाही संपादनाच्या बाहेर, म्हणून तक्त्यात दोहोंपुढे काहीच आले नाही. आणि पाइपलाइन ‘दिसत नाही’ म्हणून तिचीही नोंद झाली नाही. विहिरीला पाणी आहे, खाली जमीन आहे, पण ते पाणी त्या जमिनीला आता पोचणार नाही, आणि ही गोष्ट तक्त्याच्या एकाही रकान्यात बसली नाही. वस्तुतः जमीन तोडली गेल्यामुळे उरलेल्या भागाचे जे नुकसान होते, ते मोबदला ठरवताना विचारात घ्यावे, असे महामार्ग कायद्याच्या कलम ३-जी मध्येच लिहिले आहे. आम्ही हरकत लेखी दिली. तिची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

जिरायत आणि बागायत हा दुसरा कळीचा मुद्दा. सोलापूर जिल्ह्यात पाऊस कधी दगा देईल याचा भरवसा नसतो. विहिरीचे पाणी आटले की शेतकरी ऊस मोडतो आणि ज्वारी किंवा तूर पेरतो. नेमक्या त्या वर्षांची पीकपाहणी सातबाऱ्यावर असली, की विहीर, मोटर, ठिबक सगळे असूनही ती जमीन जिरायत ठरते. दुष्काळाने आधी पीक नेले आणि त्याच दुष्काळाची नोंद पुढे जमिनीचा दरही नेते, हे पाहून फार वाईट वाटते. जमिनीची प्रत ठरवताना विहिरीची नोंद, वीजजोडणीचा कागद आणि कारखान्याला ऊस घातल्याच्या पावत्या पाहिल्या जाव्यात. हे कागद आमच्याकडे असतात, फक्त ते मागितले जात नाहीत.

इथे मूळ मुद्द्याकडे येतो. महामार्ग कायद्यात शेतकऱ्याला बोलण्याच्या दोन संधी आहेत. जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी कलम ३-ए ची अधिसूचना निघाल्यावर २१ दिवसांत हरकत घेता येते. ती मुख्यतः जमीन घेण्याबद्दल असते आणि तिचा निकाल काय लागतो हे आपण जाणतोच. पुढे ३-डी ची घोषणा होताच जमीन सरकारजमा होते. त्यानंतर मोबदला ठरवण्यापूर्वी वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन सक्षम अधिकारी हितसंबंधितांचे दावे मागवतो. ही दुसरी संधी खरी मोलाची आहे. परंतु या सूचनेत गट क्रमांक असतात, क्षेत्र असते, तारीख असते. कार्यालयाने कोणता दर धरायचे योजले आहे, कोणती खरेदीखते निवडली आहेत आणि झाडाविहिरींची किंमत काय आली आहे, यांपैकी काही नसते. समोरच्याचा आकडा माहीत नसताना शेतकरी कोणत्या आकड्यावर हरकत घेणार? मग तो अंदाजाने ‘एकरी अमुक लाख द्या’ असा अर्ज देतो, आणि पुराव्याअभावी दावा अमान्य, असा एका ओळीचा शेरा निवाड्यात येतो.

निवाड्यानंतर दाद मागता येते, असे अधिकारी सांगतात, आणि ते खरेही आहे. पण ती वाट कशी आहे तेही वाचकांना कळावे. महामार्गाच्या प्रकरणात वाढीव मोबदल्यासाठी आधी केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जावे लागते, आणि हा लवाद बहुधा महसूल खात्यातीलच वरिष्ठ अधिकारी असतो. त्याच्या टेबलावर निवडणुका, टंचाई, अतिवृष्टी असे सगळे असते, त्यामुळे तारखा पडत जातात. लवादाचा निर्णय पटला नाही तर १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली जिल्हा न्यायालयात जायचे. तेथे न्यायालयाला लवादाचा निवाडा रद्द करता येतो, पण रक्कम वाढवून देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये महामार्गाच्याच एका प्रकरणात स्पष्ट केले. ३० एप्रिल २०२५ रोजी घटनापीठाने मर्यादित स्वरूपात दुरुस्तीची वाट मोकळी केली, ती मर्यादितच आहे. म्हणजे सुरुवातीच्या निवाड्यात जी चूक राहते, ती पुढे दुरुस्त होईलच अशी खात्री नाही, आणि दोन एकरांच्या खातेदाराने वकिलाची फी आणि हेलपाटे किती वर्षे सोसायचे?

कायदा शेतकऱ्याच्या बाजूने असूनही पैसा किती उशिरा येतो, याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. महामार्ग कायद्यातील १९९७ च्या दुरुस्तीनंतर महामार्गासाठी गेलेल्या जमिनींना दिलासा रक्कम आणि व्याज नाकारले जात होते. त्याच गावात कालव्यासाठी जमीन गेली तर दिलासा रक्कम, रस्त्यासाठी गेली तर नाही, असा तो भेद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी तरसेमसिंग प्रकरणात तो घटनाबाह्य ठरवला. त्यानंतरही हा निर्णय फक्त पुढच्या प्रकरणांना लागू करावा, असा अर्ज महामार्ग प्राधिकरणाने केला आणि तो फेब्रुवारी २०२५ मध्ये फेटाळला गेला. ज्यांची जमीन १९९७ नंतरच्या त्या वर्षांत गेली, त्यांच्यातील कित्येक जण हा न्याय पाहायला उरलेही नसतील.

मालमत्तेचा हक्क आज मूलभूत नाही, हे खरे; ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला. पण राज्यघटनेच्या कलम ३०० अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येत नाही, आणि मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ उलगडताना नोटीस मिळण्याचा, म्हणणे ऐकले जाण्याचा, कारणांसह निर्णय मिळण्याचा आणि रास्त मोबदल्याचा हक्क त्यात येतो, असे सांगितले. म्हणणे ऐकले जाणे आणि कारणांसह निर्णय, हे दोन्ही दराचा हिशेब आधी दाखवल्याशिवाय पुरे होऊ शकत नाहीत, असे माझे प्रामाणिक मत आहे.

उरलेल्या तुकड्यांबद्दल थोडे. द्रुतगती मार्गावर कोठूनही चढता-उतरता येत नाही आणि त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण असते. रस्त्यापलीकडे राहिलेल्या शेतात बैलगाडी किंवा ट्रॅक्टर न्यायचा तर भुयारी मार्गापर्यंतचा वळसा घ्यावा लागतो. तिरक्या आखणीमुळे काही गुंठ्यांचे त्रिकोणी तुकडे उरतात, त्यांत नांगर फिरत नाही आणि तुकडेबंदीमुळे ते सहज विकताही येत नाहीत. असे निरुपयोगी ठरलेले तुकडे मालकाने मागणी केल्यास त्याच दराने संपादित करावेत आणि सेवा रस्त्याची आखणी गावाला विचारून व्हावी. सामाईक खात्यांत वारसनोंदी रखडल्यामुळे पैसे अडकून पडतात, त्यासाठी मंडल स्तरावर शिबिरे घेतली तर अनेकांचे हेलपाटे वाचतील.

या जिल्ह्याने सार्वजनिक कामांसाठी जमीन देण्यात कधी कुचराई केलेली नाही. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. करमाळा आणि माढा तालुक्यांतील भीमाकाठची सुपीक जमीन पाण्याखाली गेली ती जुन्या कायद्याने, जेव्हा दिलासा रक्कम अवघी १५ टक्के होती. ती ३० टक्के झाली १९८४ मध्ये. त्या पाण्यावर जिल्ह्यात ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले, सोलापूर शहराची तहान भागली, आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे प्रश्न मात्र पुढच्या पिढ्यांपर्यंत चालत आले. बोरामणीच्या शेतकऱ्यांनी विमानतळासाठी जमिनी दिल्या. तेथे अजून धावपट्टी नाही, आणि २०२५ मध्ये विमानसेवा सुरू झाली ती होटगी रस्त्यावरील जुन्या विमानतळावरून. आमच्या गावात कोणी मोजणीला विरोध केला, की तो विकासाच्या आड येतो असे शहरातील काही मंडळी सहज बोलून जातात. त्यांनी बोलण्यापूर्वी हा इतिहास जरूर आठवावा.

हिशेब आधी दिला तर हरकतींचा पाऊस पडेल आणि काम लांबेल, अशी भीती प्रशासनाला वाटते. मला ती पटत नाही. खरेदीखतांचा तपशील नोंदणी विभागाकडे संगणकावर आहे. घर-गोठ्यांचे मूल्यांकन सार्वजनिक बांधकाम विभागाकडून, फळझाडांचे कृषी खात्याकडून आणि इमारती लाकडाच्या झाडांचे वन खात्याकडून कार्यालयात आलेलेच असते. गावनिहाय निवडलेल्या आणि वगळलेल्या खतांची यादी, वगळण्याचे कारण, गटनिहाय जमिनीची प्रतवारी आणि मालमत्तेचा तक्ता, एवढे चार कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून प्रत्येक खातेदाराला त्याच्या गटाची प्रत देण्यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचे एक परिपत्रक पुरेसे आहे. हरकतीसाठी ३० दिवस द्यावेत आणि सुनावणी गावात किंवा फार तर तालुक्याच्या ठिकाणी घ्यावी. आज जो वेळ पोलीस बंदोबस्तात मोजणी करण्यात आणि पुढे लवादाच्या तारखांत जातो, त्याच्या मानाने हे ३० दिवस काहीच नाहीत. दर पटला नाही तरी तो कसा आला हे समजले, तर अनेक शेतकरी सही करतील, हे मी माझ्या भावकीतील माणसांच्या बोलण्यावरून खात्रीने सांगतो.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. जिल्ह्यातील निवाड्यांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मिळवून चारही तालुक्यांत जिरायत आणि बागायत जमिनीला कोणत्या गावात काय दर धरला आणि तो किती खरेदीखतांवरून काढला, याचा तक्ता आपण छापावा. शेजारच्या दोन गावांच्या दरांत तफावत असेल तर तिचे कारण सक्षम अधिकाऱ्यांना विचारावे आणि त्यांचे उत्तरही त्याच ठिकाणी छापावे. लवादापुढे जाणाऱ्या शेतकऱ्यांना त्या तक्त्याचा उपयोग होईल, आणि ज्यांचे निवाडे अजून व्हायचे आहेत त्यांना आपला दावा कोणत्या कागदांसह मांडायचा हे आधीच कळेल.

आपला,
एक खातेदार शेतकरी,
ता. अक्कलकोट, जि. सोलापूर